भरड्याची चक्की आणि उघडा काटा: डिचोलीतील एका पशुखाद्य दुकानाविषयी

गोव्यातील डिचोलीच्या बाजारपेठेतील एका पशुखाद्याच्या दुकानातून गेली तीन वर्षे मी माझ्या गोठ्यातील रेडकांसाठी खुराक आणीत आहे. वाळपईला आणि साखळीला अशी दुकाने असताना सत्तरी तालुक्यातील माणसाने पिकअप भाड्याने करून डिचोलीपर्यंत का जावे, असे मला गावात अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर या दुकानाच्या मागच्या बाजूस बसवलेली भरड्याची चक्की आणि पुढच्या बाजूस, गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेला इलेक्ट्रॉनिक काटा, या दोन वस्तूंत आहे. बाकीचे जे सांगायचे आहे, त्यात स्तुती आहे तशी तक्रारही आहे, आणि तक्रारीचा भाग मुख्यतः पावसाळ्यातील मक्याविषयीचा आहे.

प्रथम माझी गरज काय आहे, ते सांगितले पाहिजे. माझ्याकडे पाच म्हशी आहेत आणि चार नर रेडके मी दर वर्षी सांभाळतो. गोव्यातील बहुतेक पशुखाद्य दुकाने दुभत्या जनावरांच्या हिशेबाने चालतात. दूध वाढवणारी गोळी पेंड, सरकी पेंड आणि कोंडा एवढा माल दर्शनी भागात असतो, आणि नर रेडकासाठी काय घ्यावे असे विचारले तर दुकानदार हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. दुधासाठी म्हैस पाळणारा माणूस नर रेडकाला दोन महिने जेमतेम दूध पाजून पुढे वाऱ्यावर सोडतो, हे आपल्या भागातील उघड सत्य आहे. ते रेडकू अशक्तपणाने मरते किंवा हाडांचा सांगाडा होऊन कवडीमोलाने विकले जाते. गोव्यात गायीच्या कत्तलीवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. म्हशीच्या जातीची गोष्ट वेगळी असून तेथे सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो, आणि उसगावला सरकारी मांस प्रकल्प आहे. हे ज्यांना रुचत नाही त्यांच्याशी माझा वाद नाही. तथापि जे जनावर शेवटी विकायचेच आहे, ते उपाशी ठेवून विकण्यापेक्षा पोटभर खाऊ घालून, अंगावर मांस धरवून विकावे, या मताचा मी आहे. त्यासाठी स्वस्त पण खरा खुराक कोठे मिळतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

दुकान बाहेरून पाहता त्यात विशेष काही नाही. पत्र्याची शेड, पुढे लाकडी फळ्यांवर रचलेल्या गोण्या, एका बाजूला कोंबड्यांच्या खाद्याची पोती आणि त्यांच्यावर निवांत झोपलेले मांजर. या मांजराचा उल्लेख मी मुद्दाम करीत आहे, कारण ज्या धान्याच्या दुकानात मांजर लठ्ठ असते तेथे उंदीर किती असतील याचा अंदाज येतो, आणि या दुकानातील मांजर सडसडीत आहे. दुकान सकाळी लवकर उघडते, दुपारी एक ते साडेतीन बंद असते (गोव्यात हे सांगण्याची गरज नाही, तरी मी दोनदा कुलपाकडे पाहत बसलो आहे), आणि बुधवारी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी इतकी गर्दी असते की त्या दिवशी भरडा दळून मागू नये. शेट स्वतः गल्ल्यावर असतात. बोलणे मोजके, उधारी फक्त ओळखीच्यांना, आणि पावती मागितली तर कुरकुर न करता देतात.

येथे माल तीन प्रकारांत मिळतो. पहिला प्रकार नामांकित कंपन्यांच्या गोळी पेंडीचा. पन्नास किलोच्या शिवलेल्या पोत्यावर प्रथिनांचे प्रमाण आणि मानक ब्यूरोचे चिन्ह छापलेले असते. भारतीय मानक २०५२ नुसार संयुक्त पशुखाद्याच्या एका प्रकारात किमान २२ टक्के आणि दुसऱ्यात किमान २० टक्के कच्ची प्रथिने असावी लागतात, आणि ओलावा ११ टक्क्यांहून अधिक असू नये. हा माल विश्वासाचा आहे, परंतु तो दुभत्या म्हशीसाठी बनवलेला आहे. वर्षाच्या पुढे गेलेल्या, हाडापेराने तयार झालेल्या टोणग्याला शेवटच्या तीन-चार महिन्यांत इतक्या प्रथिनांची गरज नसते. त्याला पिष्ट हवे, म्हणजे धान्य हवे. दूध न देणाऱ्या जनावराला दुधाचा खुराक घालणे म्हणजे जास्तीच्या प्रथिनांचे पैसे मुतात घालवणे आहे.

दुसरा प्रकार सुट्या मालाचा: मका, गव्हाचा कोंडा, सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, खोबऱ्याची पेंड, तुरीची चुनी, आणि अलीकडे आलेले डीडीजीएस. हे शेवटचे नाव अनेकांना नवीन वाटेल. मक्यापासून किंवा तांदळापासून इथेनॉल काढल्यावर मागे जो चोथा उरतो, तो वाळवून विकला जातो, त्यालाच बाजारात या आद्याक्षरांनी ओळखतात. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण वाढल्यापासून एकीकडे मक्याचा भाव चढला आणि दुसरीकडे हा चोथा मुबलक झाला, असा हा विचित्र योग आहे.

तिसरा प्रकार म्हणजे बिनछापाच्या गोणीतील ‘लोकल मिक्स’. त्याचा भाव किलोला २४ रुपये, म्हणजे सर्वांत कमी, आणि दुकानात सर्वांत जास्त खप त्याचाच. पहिल्या वर्षी मीही तोच नेला. दोन गोण्या संपल्या तरी रेडकांच्या बरगड्या झाकेनात, तेव्हा मी घरी एक साधी चाचणी केली. लोणच्याच्या काचेच्या रिकाम्या बरणीत दोन मुठी खाद्य घातले, बरणी पाण्याने भरून चांगली हलवली आणि ओट्यावर ठेवून दिली. दहा मिनिटांनी वर बोटभर जाडीचा भाताच्या तुसाचा थर तरंगत होता, मध्ये गढूळ पाण्यात कोंडा फुगत होता, आणि तळाशी बारीक वाळू चमकत होती. त्या थरांकडे पाहून मला हसावे की रडावे कळेना. ज्याला मी स्वस्त समजत होतो, त्यात तूस आणि वाळू यांनाही मी किलोला २४ रुपयेच मोजले होते. बरणी घेऊन मी दुकानात गेलो. शेट म्हणाले, “बाब, हे मी बनवीत नाही, घाटावरून तयार येते. तुम्हाला चांगले हवे असेल तर चिठ्ठी लिहून द्या, समोर दळून समोर मिसळून देतो.” उत्तर प्रामाणिक होते, हे मी मान्य करतो. मात्र तो माल आजही त्याच जागी विकला जातो आणि घेणाऱ्याला कोणी बरणी दाखवीत नाही, ही माझी पहिली नाराजी आहे.

त्या दिवसापासून मी चिठ्ठी लिहू लागलो, आणि चिठ्ठी लिहायची म्हणजे प्रत्येक वस्तूचा खरा भाव काढावा लागला. खरा भाव म्हणजे गोणीचा भाव नव्हे, त्यातील प्रथिनांचा भाव. यंदाच्या मार्चमध्ये मी सरकी पेंड ३८ रुपये किलोने पाहिली. सालीसकट काढलेल्या या पेंडीत सुमारे २२ टक्के प्रथिने धरली तर प्रथिनांचा एक किलो १७३ रुपयांना पडतो. शेंगदाणा पेंड ५० रुपये किलो होती, म्हणून गिऱ्हाईक तिच्याकडे पाहतही नव्हते. पण तिच्यात सुमारे ४२ टक्के प्रथिने असतात, तेव्हा तोच किलो ११९ रुपयांना मिळतो. मक्याचे डीडीजीएस २८ रुपये किलो आणि प्रथिने सुमारे २७ टक्के, म्हणजे १०४ रुपये. खोबऱ्याची पेंड ३२ रुपये आणि प्रथिने सुमारे २० टक्के, म्हणजे १६० रुपये. आपल्याकडे सरकी पेंडीशिवाय म्हैस पान्हवत नाही अशी पक्की समजूत आहे. दुभत्या म्हशीच्या बाबतीत तिच्यातील तेलाचा काही उपयोग असेलही, परंतु टोणग्याला ती घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

यावरून मी शंभर किलोची जी चिठ्ठी ठरवली ती अशी आहे: मक्याचा भरडा ५४ किलो, गव्हाचा कोंडा २० किलो, डीडीजीएस १२ किलो, शेंगदाणा पेंड १० किलो, खनिज मिश्रण २ किलो, चुनखडीची पूड १ किलो आणि जाडे मीठ १ किलो. यात एकूण प्रथिने १५ टक्क्यांच्या थोडी वर बसतात. मका २५ रुपये, कोंडा २६ रुपये, खनिज मिश्रण १०० रुपये, मीठ आणि चुनखडी प्रत्येकी १० रुपये किलो, आणि मका भरडण्याची मजुरी किलोला २ रुपये धरून शंभर किलोचे ३,०३४ रुपये झाले, म्हणजे किलोला ३० रुपये ३४ पैसे. त्याच दिवशी त्याच दुकानात गोळी पेंड ३४ रुपये किलो होती. चार रेडकांना १२० दिवसांत मिळून १,४४० किलो खुराक लागला, तेव्हा वाचलेली रक्कम ५,२७० रुपये भरते. ही रक्कम डोळे दिपवणारी नाही, पण चार रेडकांच्या हिशेबात ती एका जनावराच्या निम्म्या खुराकाइतकी आहे.

चुनखडीचा तो एक किलो अनेकांना व्यर्थ वाटतो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. मका आणि कोंडा या दोन्हींत स्फुरद (फॉस्फरस) भरपूर आणि चुना (कॅल्शियम) नगण्य असतो. धान्यावर वाढवलेल्या नराच्या मूत्रमार्गात खडे होण्याचे ते एक मोठे कारण आहे, आणि खच्ची केलेल्या जनावरात मूत्रनलिका अरुंद राहत असल्याने धोका अधिक असतो. स्फुरदाच्या तुलनेत चुना कमी पडू नये, म्हणून ही पूड. शेट ती कोंबड्यांच्या मालाबरोबर ठेवतात आणि मागितल्याशिवाय दाखवीत नाहीत.

आता चक्कीविषयी. दुकानाच्या मागे ही हातोडी चक्की आहे, आणि तिला ३, ६ आणि ८ मिलिमीटर अशा तीन जाळ्या आहेत. बहुतेक लोक ३ च्या जाळीवर पीठ करून नेतात, कारण पीठ पाण्यात चांगले कालवते आणि आंबोण घट्ट होते. माझ्या मते टोणग्यासाठी हीच चूक आहे. बारीक पीठ पोटात गेल्याबरोबर आंबते, पोटातील आम्लता एकदम चढते, आणि शिवाय गव्हाणीत त्याची धूळ उडते ती वेगळी. उलट अख्खा मका घातला तर मोठ्या जनावराच्या शेणातून दाणे तसेच बाहेर पडतात. मी ८ च्या जाळीवर भरडून घेतो, म्हणजे एका दाण्याचे चार-पाच तुकडे व्हावेत, पीठ होऊ नये. भरड योग्य झाली की नाही हे पाहण्यासाठी आठवड्यातून एकदा मूठभर शेण चाळणीत घेऊन नळाखाली धुतो. चाळणीत पिवळे तुकडे दिसले तर भरड जाड आहे, काहीच दिसले नाही आणि शेण पातळ, करड्या रंगाचे, फेसाळ असेल तर भरड बारीक आहे किंवा मात्रा जास्त झाली आहे. घरातील मंडळींनी ती चाळणी केव्हाच स्वयंपाकघरातून हद्दपार केली आहे. चक्कीवरचा मुलगा कामात चोख आहे. जाळी बदलून द्यायला तो कधी नाखूश दिसला नाही, आणि माझा मका दळण्यापूर्वी आधीच्या गिऱ्हाइकाचे उरलेले पीठ झाडून काढतो. मिश्रण मात्र फावड्याने जमिनीवर होते, आणि खनिज मिश्रण व मीठ शेवटी वरून भुरभुरले जाते. ते आधी पाच किलो कोंड्यात कालवून मग ढिगात मिसळावे, असे मी दर वेळी सांगतो. सांगितले की तसे करतात, न सांगितले तर करीत नाहीत.

काट्याचे कौतुक केले पाहिजे. वजन गिऱ्हाइकाला दिसते, आणि ज्यूटच्या गोणीचे सहा-सातशे ग्रॅम शेट न सांगता वजा करतात. इतर दुकानांत बारदान मक्याच्या भावाने विकले जाते, हे ज्याने गोणी रिकामी करून मोजली आहे त्याला ठाऊक आहे. काटा समोर दिसत असूनही मी घरी येऊन तीन वेळा फेरमोजणी केली, आणि तिन्ही वेळा फरक पावशेराच्या आत होता.

शेट देतात तो सल्ला मात्र घेऊ नये. दुसऱ्या वर्षी मी त्यांना विचारले की रेडके लवकर भरावीत म्हणून काय करू. ते म्हणाले, “भरडा वाढवा, दुसरे काय?” मी त्याच आठवड्यात एक किलोवरून एकदम तीन किलोंवर गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत धिप्पाड रेडकू गव्हाणीकडे पाठ करून उभे होते. रवंथ बंद, डावी कूस टम्म फुगलेली, शेण पाण्यासारखे आणि त्याला आंबट वास. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यांनी येऊन पाहिले, खुराक पूर्ण बंद करायला सांगितला, खाण्याचा सोडा पाण्यातून पाजला आणि चार दिवस फक्त पेंढा घालायला लावला. जनावर वाचले, पण पुढचे तीन आठवडे ते वाढीला मुकले आणि मागचा पाय कायम थोडा आखडून टाकू लागले. पोटातील जिवाणूंना पेंढ्यावरून धान्यावर यायला वेळ लागतो, एवढे साधे कारण त्यामागे आहे. आता मी अर्ध्या किलोपासून आरंभ करून दर तीन दिवसांनी पाव किलो वाढवतो, म्हणजे अडीच किलोंवर यायला २४ दिवस लागतात. शिवाय दिवसाचा खुराक तीन वेळांत विभागतो, आणि आधी पेंढा, मग खुराक, हा क्रम मोडीत नाही. दोष अर्थात विचारणाऱ्याचाही आहे. माल विकणाऱ्याला मात्रा विचारू नये, हे मला तेव्हा सुचले नाही.

याच उत्साहाच्या भरात मी परदेशी पद्धतीची माहितीही वाचली होती. अमेरिकेतील नेब्रास्का, कॅन्सस, आयोवा या राज्यांत खच्ची केलेले गोऱ्हे शेवटचे चार ते सहा महिने मोठ्या आवारांत कोंडून मुख्यतः मक्यावर ठेवतात, आणि ते दिवसाला दीड किलो किंवा त्याहून जास्त वाढतात. तेथे मका शेजारच्या शेतात पिकतो आणि बुशेलच्या मापाने, म्हणजे साधारण २५ किलो ४०० ग्रॅमच्या हिशेबाने विकला जातो. आपला मका कर्नाटकातून चोर्ला घाट उतरून येतो आणि प्रत्येक वळणावर त्याचा भाव चढतो. जनावरही वेगळे आहे. आपले रेडकू उत्तम खुराकावर अर्धा किलो, फार तर सहाशे ग्रॅम वाढते. तेथील ऐंशी-नव्वद टक्के धान्याची कृती येथे उचलून आणली तर जनावर आजारी पडेल आणि खिसा त्याच्या आधी. येथे धान्य हे मुख्य अन्न न मानता पेंढा आणि हिरव्या चाऱ्याला दिलेली जोड मानावी, तरच हिशेब जमतो.

तो हिशेब मी वहीत ठेवतो. वजनकाटा नसला तरी टेपने काम भागते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत घ्यावा, त्याचा वर्ग करावा, खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे, म्हणजे किलोत अंदाजे वजन मिळते. यंदा चारांपैकी एका रेडकाचा घेर चढती मात्रा पूर्ण झाल्यावर ५० इंच आणि लांबी ४२ इंच होती, म्हणजे १५९ किलो. १२० दिवसांनी घेर ५७ आणि लांबी ४७ इंच भरली, म्हणजे २३१ किलो. बहात्तर किलोंची वाढ झाली आणि खुराक लागला ३६० किलो. सरासरी काढली तर वाढीच्या एका किलोमागे खुराकाचे १५२ रुपये पडले, पेंढा आणि गवत वेगळे. पण सरासरी फसवते. पहिल्या महिन्यात ७५ किलो खुराकावर रेडकू २१ किलो वाढले, म्हणजे किलोमागे १०८ रुपये. चौथ्या महिन्यात १०५ किलो खुराक खाऊन ते १४ किलोच वाढले, म्हणजे किलोमागे २२८ रुपये. उपासमारीतून आलेले जनावर सुरुवातीला भराभर भरते आणि नंतर खाते जास्त, वाढते कमी. व्यापारी आपल्याकडे जनावर उक्तेच घेतो. पाठीवर हात फिरवतो, शेपटीच्या मुळाशी चिमटा घेऊन चरबी पाहतो आणि आकडा सांगतो. तो हात तिसऱ्या महिन्यात जे सांगतो तेच चौथ्यात सांगत असेल, तर चौथा महिना दुकानदारासाठी राबण्यासारखा आहे. यापुढे मी ९० दिवसांवर थांबणार आहे.

आता मुख्य तक्रार. जून लागला की या दुकानातील मक्याचा भरवसा राहत नाही. गेल्या जुलैत आणलेल्या दोन गोण्यांपैकी एकीत हात घातला तेव्हा मधला मका कोमट लागला, बाहेर काढला तर दाण्याच्या टोकाशी हिरवट-निळी बुरशी आणि बुरसट वास. असा मका भरडून विकला असता तर कोणाला कळलेही नसते, आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष, जे अशा मक्यावर येणाऱ्या काही बुरशींतून तयार होते, शिजवून किंवा वाळवून जात नाही. मी गोणी परत नेली. शेटचे म्हणणे असे की पावसात मका असाच येतो, थोडा उन्हात टाका. गोव्याच्या जुलैत ऊन कोठून आणायचे, हे त्यांनी सांगितले नाही. बरीच हुज्जत घातल्यावर त्यांनी अर्धी रक्कम पुढच्या खरेदीत वळती केली. पूर्ण केली असती तर हा परिच्छेद मी इतका लांबवला नसता.

तेव्हापासून मी खिशात कोरड्या मिठाची लहान काचेची बाटली नेतो. बाटलीत निम्म्यापर्यंत मका घालायचा, त्यात चमचाभर कोरडे बारीक मीठ टाकायचे, दोन मिनिटे हलवायचे. मीठ बाटलीच्या काचेला चिकटले तर दाण्यात १५ टक्क्यांहून अधिक ओलावा आहे, तळाशी मोकळे पडले तर मका घेण्याजोगा आहे. पहिल्यांदा ही बाटली गल्ल्यावर हलवली तेव्हा रांगेतील लोक पाहत राहिले आणि शेटच्या कपाळाला आठी पडली. डीडीजीएसच्या बाबतीत अधिक जपावे लागते. इथेनॉल काढताना मक्यातील पिष्ट निघून जाते आणि उरलेल्या चोथ्यात सर्व काही सुमारे तिप्पट दाट होते, प्रथिने तशी विषेही. म्हणून मी ते सोनेरी रंगाचे असेल तरच घेतो. काळपट असले तर ते वाळवताना करपलेले असते, आणि मग प्रथिने कागदावर राहतात. पावसाळ्यासाठी लागणारा मका मी मे महिन्यातच उचलतो आणि घट्ट झाकणाच्या दोनशे लिटरच्या पिंपांत, भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवतो.

दुकानात न मिळणाऱ्या दोन-तीन वस्तूंचा उल्लेख केला नाही तर स्वस्त खुराकाचे चित्र अपुरे राहील. आपल्याकडे उकडा तांदूळ खातात, आणि उकड्या भाताच्या कोंड्यात तेल अधिक असते. शिवाय वाफेमुळे कोंडा लवकर खवट होत नाही. तो मला गावच्या गिरणीत १६ रुपये किलोने मिळतो. गव्हाच्या कोंड्याऐवजी तो घातला की शंभर किलोमागे २०० रुपये वाचतात. मात्र गिरणी जुन्या पद्धतीची असेल तर कोंड्यात तूस मिसळून येते, तेव्हा बरणीची चाचणी येथेही करावी. बिअरच्या कारखान्यातील ओला चोथा टेम्पोने येतो आणि ६ रुपये किलो म्हणून लोक त्यावर तुटून पडतात. त्यात पाऊण भागाहून जास्त पाणी असते. वाळल्या हिशेबाने तो २५ रुपयांच्या पुढे जातो, आणि आपल्या उष्म्यात तिसऱ्या दिवशी आंबून जातो. शेजारीपाजारी वाटून घेता आला तरच परवडतो. काजूच्या हंगामात निरा म्हणजे रस काढल्यावर उरलेला बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, चोथा मी कातळावर वाळवून थोडा थोडा घालतो. तो फुकट मिळतो, रेडकांना आवडतो, पण प्रथिनांच्या दृष्टीने त्याच्याकडून फार अपेक्षा नाही. खोबऱ्याची पेंड डिचोलीच्या दुकानात नेहमी असते. ती हातात चुरून हुंगावी, आणि जुन्या तेलाचा वास आला तर भाव कितीही उतरवला तरी उचलू नये.

खनिज मिश्रणाच्या पुडीवर चुना किमान २० टक्के आणि स्फुरद १२ टक्के लिहिलेले पाहून घ्यावे. शेट दोन प्रकारची पुडी ठेवतात, आणि न बोलता हात स्वस्त पुडीकडे जातो.

जाणाऱ्यांसाठी आणखी एक. गेल्या पंधरवड्यापासून चक्कीची ८ ची जाळी एका कोपऱ्यात फाटली आहे आणि नवी बेळगावहून यायची आहे. तोवर ६ च्या जाळीवर दळून मिळते, ती भरड माझ्या मते टोणग्यासाठी चालण्याजोगी आहे. पण मुलाने ३ ची जाळी चढवलेली असेल तर मका अख्खाच घेऊन यावा आणि गावात जात्यावर भरडावा.